कोवळ्या वयावर चोवीस तासांचा पहारा

सहामाही परीक्षा तोंडावर आली की सातवी-आठवीच्या वर्गांत एक देवघेव होते. ती शिक्षकांना दिसत नाही, आईबाबांना तर नाहीच. एक मुलगी दुसरीला आपला स्नॅपचॅटचा पासवर्ड देते. आई परीक्षेपुरता फोन काढून घेणार असते आणि तेवढ्या दिवसांत ‘स्ट्रीक’ तुटता कामा नये. स्ट्रीक म्हणजे दोघींनी दर चोवीस तासांच्या आत एकमेकींना किमान एक फोटो पाठवायचा, रोज, न चुकता. मैत्रिणीच्या नावापुढे ज्वाळेचं चित्र येतं आणि त्याशेजारी किती दिवस झाले तो आकडा. वेळ संपत आली की वाळूचं घड्याळ दिसू लागतं. पुण्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलीने आपण रोज काय पाठवतो ते मला करूनच दाखवलं. छताचा पंखा. पलंगाची कड. अंधारात काढलेला नुसता काळा चौकोन आणि त्यावर ‘एस’ हे अक्षर. एकदाच काढायचा आणि यादीतल्या सगळ्यांना पाठवून द्यायचा.

“त्यात बोलायचं काही नसतंच,” ती म्हणाली. “पण कुणी पाठवलं नाही तर वाटतं, तिला आपण नकोच आहोत.”

ज्या मैत्रिणीला पासवर्ड देतेस तिने तुझे मेसेज वाचले तर, असं विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. गेल्या वर्षी एकीने वाचले होते, म्हणाली, आणि स्क्रीनशॉट वर्गभर फिरले होते. तरी या वर्षीही पासवर्ड द्यावा लागलाच.

अकरा-बाराव्या वर्षी मित्रमैत्रिणींच्या मताची धास्ती वाटणं ही काही या पिढीची गोष्ट नव्हे. मिलिंद बोकील यांच्या २००४ साली आलेल्या ‘शाळा’ या कादंबरीतली नववीची मुलं आणीबाणीच्या काळातली आहेत. पोरीने आपल्याकडे पाहिलं की नाही, वर्गात आपलं हसं झालं का, याच्या घालमेलीत तीही रात्रंदिवस असतात. पण त्यांना जाऊन बसायला एक अर्धवट बांधलेली इमारत आहे. तिथे त्यांना कुणी पाहत नाही. तिथे बोललेलं तिथेच राहतं. चिडवाचिडवी होते, कट्टी होते, कुणाला तरी चार दिवस वाळीत टाकलं जातं, पण दप्तर घरी टाकून पोर जेवायला बसलं की वर्ग त्याच्या ताटापर्यंत येत नाही. आज येतो, आणि अंथरुणातही येतो. ठाण्यातल्या एका शाळेच्या समुपदेशक मला सांगत होत्या: वर्गातल्या तेवीस मुलींचा एक ग्रुप असतो आणि त्यातल्याच बावीस जणींचा दुसरा. तेविसावीला ते कळतंच, कारण पहिल्या ग्रुपवर अचानक शांतता पसरते. पूर्वी भांडण झालं की मुलगी रडत यायची आणि काय झालं ते सांगायची. आता ती फोन पुढे करते. कुणी मेसेज ‘सीन’ करून उत्तर दिलं नाही, कुणी स्टोरी आपल्यापासून लपवली, वाढदिवसाच्या फोटोत कुणाकुणाला टॅग केलं आणि आपल्याला केलं नाही, याचा सगळा पुरावा तिच्याजवळ तारीखवार असतो. विसरून जायला तिला जागाच उरलेली नाही, असं त्या म्हणाल्या.

हे विसरायला न मिळणं मला या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट वाटते. वयात येताना मुलगा किंवा मुलगी रोज थोडी वेगळी असते. आवाज फुटतो, उंची वाढते, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, पाळी सुरू होते. काल जे शहाणपणाचं वाटलं त्याची आज लाज वाटते. हे सगळं जितक्या कमी लोकांसमोर घडेल तितकं बरं. आपण मात्र या वयाच्या हातात कॅमेरा दिला आणि प्रत्येक फोटोखाली आकडा दिला.

तो आकडा मेंदूत काय करतो, याचा एक साधा प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. तेरा ते अठरा वयाच्या ३२ मुलामुलींना मेंदूचं स्कॅनिंग सुरू असताना इन्स्टाग्रामसारख्या पडद्यावर फोटो दाखवले. त्यांत त्यांचे स्वतःचेही होते. लाइकचे आकडे संशोधकांनीच ठरवलेले होते, मुलांना मात्र ते खरे वाटत होते. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षीस मिळाल्यावर उद्दीपित होणारा भाग जागा होई. फोटो तोच, पण जास्त लाइकवाला असला तर मुलं त्याला लाइक देण्याची शक्यता वाढे. सिगारेट किंवा दारू दाखवणारे फोटो पाहताना स्वतःला आवर घालण्याशी संबंधित भागांची हालचाल कमी झालेली दिसली. बक्षिसाची ओढ या वयात पुरेपूर आलेली असते. तिला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्का व्हायला विशी ओलांडावी लागते.

वयाचा नेमका प्रश्न केंब्रिजच्या एमी ऑर्बेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हाताळला. ब्रिटनमधल्या सुमारे ८४ हजार लोकांची माहिती त्यांनी तपासली. त्यातल्या दहा ते एकवीस वयाच्या १७ हजारांहून अधिक मुलांचा माग वर्षानुवर्षे घेतलेला होता. सोशल मीडियाचा वापर वाढला की वर्षभराने आयुष्याविषयीचं समाधान घटलेलं दिसे, पण सगळ्या वयांत सारखं नव्हे. मुलींमध्ये हा परिणाम अकरा ते तेरा या वर्षांत ठळक होता, मुलांमध्ये चौदा-पंधराव्या वर्षी, आणि दोघांमध्ये पुन्हा एकदा एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास. आपल्याकडच्या हिशेबाने मुलींची सहावी ते आठवी. मुलांची नववी-दहावी.

या विषयावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतले जोनाथन हाइट यांनी २०२४ मध्ये ‘द अँक्शस जनरेशन’ हे पुस्तक लिहून मुलांच्या ढासळत्या मनःस्थितीचं खापर थेट स्मार्टफोनवर फोडलं. त्याच वर्षी कँडिस ऑजर्स यांनी ‘नेचर’मध्ये त्यांना उत्तर दिलं: पुरावा इतका सरळ नाही, उदास मुलंच फोनकडे जास्त वळत असण्याचीही शक्यता आहे. ऑर्बेन यांच्याच २०१९ च्या अभ्यासात सगळ्या मुलांची सरासरी काढल्यावर डिजिटल साधनांचा परिणाम अगदी किरकोळ निघाला होता. दोन्ही बाजू वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की सरासरीने इथे फसवणूक होते. शंभरातल्या सत्तर मुलांचं काही बिघडत नसेल, काहींना तर याच फोनमुळे चित्रकला, बुद्धिबळ, गाणं शिकायला मिळत असेल, गावात कुणी समजून घेत नाही तेव्हा दूरचा मित्र सापडत असेल. त्यांच्या सुखाने उरलेल्यांचं दुःख आकड्यात दिसेनासं होतं. आणि आईला सरासरी मूल नसतं.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं छापली. ती बाहेर काढणाऱ्या फ्रान्सिस हॉगन नंतर अमेरिकी सिनेटसमोर साक्षीलाही आल्या. त्या कागदपत्रांतल्या एका सादरीकरणात कंपनीच्याच संशोधकांनी नोंदवलं होतं की स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी आपण दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या बाबतीत आणखी वाढवतो. ज्या समाजात मुलगी जन्मली की आधी रंग पाहिला जातो, त्या समाजात हे किती खोल जात असेल! चेहरा गोरा करणारा, नाक बारीक करणारा फिल्टर आठवीतली मुलगी जेव्हा रोज लावते, तेव्हा आरशातला तिचा स्वतःचा चेहरा हाच बिघडलेला वाटू लागतो. ठाण्याच्या त्या समुपदेशकांकडे आलेली एक मुलगी शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो बदलून द्या म्हणून हटून बसली होती. “तो माझ्यासारखा दिसतच नाही,” असं तिचं म्हणणं होतं.

मुलग्यांच्या वाट्याला दुसरं येतं. जबड्याची ठेवण, उंची, मिशी, दंड. तेराव्या वर्षी जी पोरं अजून आईच्या कुशीत झोपतात तीच दिवसा ‘सिग्मा’ आणि ‘ऑरा’ अशी ऑनलाइन मर्दानगीची भाषा बोलतात, आणि मुलींविषयी जे ऐकलेलं असतं ते सगळं खरं मानतात. मार्च २०२५ मध्ये आलेली ‘अ‍ॅडोलसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका आपल्याकडेही पुष्कळ घरांत पाहिली गेली. तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप येतो. तपास अधिकाऱ्याला त्या मुलांच्या इन्स्टाग्रामवरच्या खाणाखुणांचा अर्थ लागत नाही. त्याचा स्वतःचा मुलगा त्याला बाजूला घेऊन कुठल्या चिन्हाचा कोणता अर्थ हे समजावून सांगतो, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. मालिका पाहून आपल्या मुलाचा फोन तपासणारे आईबाप मला भेटले. मुलाला शेजारी बसवून ‘हे काय असतं, सांग बरं’ म्हणणारे फार थोडे.

शहरातल्या इंग्रजी शाळांपुरती ही गोष्ट आहे असा एक समज अजून टिकून आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ या अहवालाने तो पुसायला हवा होता. देशभरातल्या ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली ५७ टक्के, आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के. फोन घरोघरी पोहोचला तो २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला म्हणून. मुलांच्या हाती तो कायमचा आला तो मार्च २०२० नंतर, शाळा बंद झाल्या म्हणून, आणि तोही शिक्षणाच्या नावाने. त्याच वर्षी २९ जूनला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. पंधरवडाही उलटला नसेल, तोच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं. शेतात, ट्रॅक्टरवर, एसटी स्टँडवर नाचणारी पोरं एका दुकानातून उठून समोरच्या दुकानात गेली, एवढाच फरक पडला.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक मला सांगत होते की त्यांच्या सातवी-आठवीच्या बहुतेक मुलींकडे स्वतःचा फोन नाही, पण ‘आयडी’ आहे. आईच्या किंवा भावाच्या फोनवर उघडलेली. घरचे झोपल्यावर, किंवा आई दळणाला गेली की दहा मिनिटं. मग खातं बंद करून, खुणा पुसून फोन होता तसा ठेवायचा. घरच्यांची भीती आणि बाहेरचं आकर्षण या दोहोंच्या मध्ये ही मुलगी एकटी उभी असते.

त्यांच्या शाळेत जे घडलं ते त्यांनी नाव न छापण्याच्या अटीवर सांगितलं. आठवीतल्या एका मुलीच्या नावाने कुणीतरी खोटी आयडी काढली. फोटो कुठून आला? शाळेच्याच पानावरून. १५ ऑगस्टच्या नाचाचे फोटो शाळेने हौसेने टाकले होते, नाव आणि इयत्तेसकट. त्या फोटोखाली घाणेरडा मजकूर लिहून ती आयडी गावातल्या पोरांना ‘रिक्वेस्ट’ पाठवत होती. मुलीला चार दिवसांत कळलं. ती कुणालाही बोलली नाही. भावाच्या मित्राने भावाला दाखवलं, भावाने वडिलांना. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. आईचा साधा युक्तिवाद होता: आज फोटो आलाय, उद्या काय येईल, त्यापेक्षा दहावीआधीच स्थळ बघू.

मुख्याध्यापक वारंवार त्या घरी गेले आणि मुलगी परत आली. “आयडी काढणारा पोरगा कोण ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “त्याची शाळा एक दिवस बुडाली नाही.” त्यानंतर त्यांनी पहिलं काम केलं ते शाळेच्या पानावरचे मुलींचे सगळे फोटो उतरवण्याचं. माझ्या मते प्रत्येक शाळेने हे आजच करायला हवं.

महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालं होतं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. अशा राज्यात मुलीची आयडी सापडणं ही साधी गोष्ट राहत नाही. फोटो बिघडवून पैसे किंवा आणखी फोटो मागणाऱ्या माणसाला हे पक्कं माहीत असतं. त्याची खरी ताकद त्या फोटोत नसते, ती मुलीच्या घरच्यांच्या संभाव्य रागात असते. मुलगी घरी सांगणार नाही या एका खात्रीवर त्याचा सगळा धंदा चालतो. कायदा मुलीच्या बाजूने आहे. २०१२ चा पॉक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७-ब कलम अल्पवयीन मुलांची अश्लील चित्रं बनवणं आणि पसरवणं हा गंभीर गुन्हा मानतात. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे. तिथे अठरा वर्षांखालच्या मुलाचा फोटो अपलोड न करता त्याचा फक्त संगणकी ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. पण यातलं काहीही उपयोगी पडायला मुलीने आधी घरात तोंड उघडायला हवं. आणि ज्या घरात पहिली शिक्षा तिलाच होते, तिथे ती का उघडेल?

तेरा हे वय या सगळ्या अ‍ॅपवर कुठून आलं, तेही पालकांना माहीत असावं. अमेरिकेने १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. मूळ प्रस्तावात वय सोळा होतं. ते खाली आणून तेरा केलं गेलं. मुलांच्या मनाच्या वाढीचा अभ्यास करून कुणी ते ठरवलेलं नाही. पालकांना न विचारता कंपन्यांनी कुठल्या वयापर्यंत माहिती गोळा करू नये, एवढ्याच वादातली ती तडजोड होती. तेव्हा फेसबुकही जन्मलेलं नव्हतं. तोच आकडा पंचवीस वर्षांहून अधिक काळ जगभर चालला, आणि तोही खोटं जन्मसाल टाकून सहज ओलांडता येईल असा. ऑर्बेन यांच्या अभ्यासाशेजारी तो ठेवून पाहा. मुलींच्या सर्वांत नाजूक वर्षांतच आपण दार उघडून दिलेलं आहे.

ऑस्ट्रेलियाने हे दार सोळावर नेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, फेसबुक, यूट्यूब अशा दहा सेवांवर सोळाच्या आतल्यांना खातं ठेवता येत नाही. दंड कंपनीला होतो, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना दंड नाही. सुमारे महिनाभरात ४७ लाख खाती बंद झाल्याचं तिथल्या नियामकांनी जाहीर केलं. पळवाटा मुलांनी शोधल्याच, पुढेही शोधतील. तरी ओझं मुलाच्या खांद्यावरून उचलून कंपनीच्या खांद्यावर ठेवणारा हा पहिला मोठा कायदा आहे आणि म्हणून तो मला योग्य दिशेचा वाटतो.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांपर्यंत मूल मानतो. मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळून घेतलेली संमती लागेल, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवता येणार नाहीत, असं तो म्हणतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत दिली. कागदावर हे ऑस्ट्रेलियाहून कडक दिसतं. पण आपल्या असंख्य घरांत आईच्या फोनवर ओटीपी आला की तो वाचून टाकणारं मूलच असतं. वडिलांचं बँकेचं अ‍ॅप चालू करून देणारंही तेच. संमती मागणारा आणि देणारा एकच असल्यावर कायद्याच्या त्या कलमात किती जीव उरतो?

म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट अधिक मोलाची वाटते. कडेगाव तालुक्यातलं तीन हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. टाळेबंदीनंतर शाळा उघडल्या, पण पोरं फोनमधून बाहेर येईनात, अशी शिक्षकांची तक्रार होती. ऑगस्ट २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी ठरवलं: रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातला प्रत्येक टीव्ही आणि प्रत्येक मोबाइल बंद राहील. सुरुवातीला लोक हसले. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. देशभरातून पत्रकार तिथे पोहोचले, कारण गोष्ट चमत्कारिक होती. मला तिच्यातली साधी बाब महत्त्वाची वाटते. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. बापाचा फोन चालू आणि पोराचा बंद असं तिथे नाही. मालिका बघणाऱ्या आजीलाही तोच नियम.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला, दंडाच्या तरतुदीसह. त्यामागची कळकळ खरी होती. तरी दोन्हींतून मी वडगावचा मार्ग निवडेन. फक्त मुलांवर घातलेला नियम मुलांना शिक्षाच वाटतो, आणि शिक्षा चुकवणं हा त्या वयाचा आवडता उद्योग असतो.

आयर्लंडमध्ये विकलो परगण्यात ग्रेस्टोन्स नावाचं समुद्राकाठचं एक छोटं शहर आहे. तिथल्या आठ प्राथमिक शाळांच्या पालकांनी २०२३ मध्ये मिळून ठरवलं की माध्यमिक शाळेत जाईपर्यंत कुणीही आपल्या मुलाला स्मार्टफोन द्यायचा नाही. सक्ती नाही, कायदा नाही, सर्वांनी मिळून दिलेला शब्द. त्यामागचं गणित प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. ‘सगळ्यांकडे आहे, फक्त माझ्याकडे नाही’ या एका वाक्यापुढे एकटं घर टिकत नाही. आणि ते टिकू नये असंही कधी कधी वाटतं, कारण सगळा वर्ग तिकडे असताना आपलं एकटं मूल बाहेर ठेवणं हा त्याच्यावर खरोखरच अन्याय असतो. अर्धा वर्ग बाहेर असला की ते वाक्यच खोटं ठरतं. वडगावने आणि ग्रेस्टोन्सने, एकमेकांचं नावही न ऐकता, नेमकं हेच केलं.

फोन काढून घेतल्यावर मूल जाईल कुठे, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे उरतो आणि तो आपल्या शहरांत फार बोचरा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलेलं आहे. मुंबई-पुण्याच्या किती शाळांत मधल्या सुटीत पळता येईल एवढी जागा आहे, ते कोणत्याही पालकाने जाऊन पाहावं. सोसायटीच्या आवारात गाड्या आहेत. संध्याकाळी क्लास आहेत. स्कॉलरशिपचा, ऑलिम्पियाडचा निकाल लागला की आपणच तो स्टेटसला ठेवतो आणि किती जणांनी पाहिला हे रात्री मोजतो. मुलांनी आकड्यांवर जीव टाकायला शिकावं, त्याचा पहिला धडा अनेकदा घरातूनच मिळालेला असतो. बाराव्या वर्षी मुलीच्या केसांत फुलं माळून काढलेला फोटो तिला न विचारता नातेवाइकांच्या तीन ग्रुपवर टाकणारे आपणच असतो.

ज्यांच्या घरात गोष्ट हाताबाहेर गेली आहे त्यांनी लाज बाळगू नये. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचं वेगळं क्लिनिक चालतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये दारू आणि गर्दच्या व्यसनासाठी सुरू झालं. आज मोबाइलचा प्रश्न घेऊनही कुटुंबं तिथे जातात. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून पालक आणि मुलांशी बोलते आहे. झोप उडणं, जेवण तुटणं, शाळेत जायला नकार देणं, अंगावर ओरखडे काढणं, यातलं काहीही दिसलं तर परीक्षा संपायची वाट पाहू नका.

आणि सहावी-सातवीच्या सर्व पालकांना एक विनंती. पुढच्या पालकसभेत गुणपत्रकाआधी हा विषय काढा. तुमच्या वर्गापुरतं, तुमच्या वस्तीपुरतं एकत्र ठरवा की स्वतःचं खातं नववीच्या आत कुणालाही नाही, आणि रात्री घरातले सगळे फोन, आपलेसुद्धा, बैठकीत राहतील. शाळेला सांगा की मुलांचे फोटो नावासकट कुठेही टाकायचे नाहीत. मुलांना, विशेषतः मुलींना, आजच शब्द द्या: काहीही घडलं तरी आधी आम्हाला सांग, तुझी शाळा बंद होणार नाही. आणि दिलेला शब्द पाळा. चाइल्डलाइनचा १०९८ आणि टेली-मानसचा १४४१६ हे दोन नंबर त्यांच्याकडून पाठ करून घ्या. दोन्ही मोफत आहेत, रात्रंदिवस चालू असतात, आणि टेली-मानसवर मराठीत बोलता येतं.